प्रश्न घेऊन पुस्तकाकडे

वाचनालयात कपाटासमोर उभे राहिल्यावर कोणते पुस्तक घ्यावे, असा प्रश्न तुम्हांला पडतो ना? मी पुस्तक कसे निवडतो, ते सांगतो.

आमचे घर यवतमाळ जिल्ह्यातले, दिग्रसजवळच्या एका खेड्यातले. घरी कापसाची शेती. वडील कापूस विकून आले की आई विचारी, "काय भाव मिळाला?" उत्तर ऐकून तिचा चेहरा उतरे. इतके राबूनही देणे का फिटत नाही, हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. तोच घेऊन मी कपाटाकडे जाऊ लागलो.

प्रेमचंद तुम्हांला ठाऊक आहेतच. त्यांची 'गोदान' ही कादंबरी 1936 सालची. होरीला दारात एक गाय हवी असते. त्या इच्छेत आणि कर्जात त्याचे आयुष्य संपते. वाचताना वाटले, हा तर आमच्याच गल्लीत राहतो! सदानंद देशमुख यांची 'बारोमास' तर आपल्या विदर्भातलीच. तिला 2004 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकूनही बेकार राहिलेल्या शेतकऱ्याच्या मुलाची ती कथा आहे. पुस्तक मोठे आहे, सावकाश वाचा. त्यातली वऱ्हाडी बोली अवघड वाटणार नाही. बाजारात ती रोज तुमच्या कानांवर पडते.

कादंबरीने दुःख दाखवले, पण कारणे हवी होती. ती महात्मा फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या 1883 सालच्या पुस्तकात सापडली. धर्माच्या नावाने होणारी लूट, अधिकाऱ्यांची बेपर्वाई, शिक्षणाचा अभाव यांवर त्यांनी कठोरपणे लिहिले आहे. भाषा जुनी आहे, गुरुजींची मदत घ्या.

उद्योगधंद्याच्या पुस्तकांबाबत मी सावध असतो. मुखपृष्ठावरच श्रीमंत करण्याचे वचन असेल, तर ते पुस्तक मी परत ठेवतो. शं. वा. किर्लोस्कर यांचे 'यांत्रिकाची यात्रा' मात्र जरूर वाचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी भीती शेतकऱ्यांना वाटे. नांगर बराच काळ विकले गेले नाहीत. तरी लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. हे वाचून मला हुरूप आला आणि एक शंकाही आली. नांगर सुधारला, पीक वाढले. पण भाव ठरवणारा दुसराच असेल तर?

जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती. आमच्या घरातला प्रश्न त्या दिवशी साहित्यिकांच्या व्यासपीठावर उभा होता.

'गोदान' उर्दूतही आहे. आधी ते वाचा, मग 'बारोमास' मागा. तोवर घरी मोठ्यांना विचारा, यंदा कापूस कोणत्या भावाने गेला.