असरची अजान

ओलायातल्या आमच्या ऑफिसात चाचा चहा द्यायचे. मूळचे खेड तालुक्यातले, उभी हयात रियाधमध्ये गेलेली. नवा मराठी माणूस आला की इकाम्याच्या, म्हणजे निवास परवान्याच्या, कागदांपासून तूरडाळीपर्यंत सगळ्याची वाट तेच दाखवत. त्यांच्याकडचं माझं उधारीचं खातं तिथूनच सुरू झालं.

त्या दुपारी बोलता बोलता माझी जीभ जड झाली, उजव्या हातातला कप कलंडला. "दमलायस, पड जरा," असं सगळे म्हणत होते. चाचांनी मात्र मला हसायला सांगितलं, तोंड वाकडं झालेलं पाहिलं आणि ९९७ फिरवला. रेड क्रिसेंटची गाडी हाकेच्या अंतरावरचा दवाखाना सोडून लांबच्या रुग्णालयाकडे निघाली. तिथे पक्षाघाताचं पथक चोवीस तास असतं, एवढंच गाडीतल्या पोराने सांगितलं.

तिथे पहिला प्रश्न : हा शेवटचा धडधाकट कधी दिसला? "असरची अजान सुरू झाली तेव्हा नीट बोलत होता," चाचा म्हणाले. केरळच्या सिस्टरने मोबाइलवर तिसऱ्या प्रहरच्या त्या अजानची वेळ काढली आणि केसपेपरवर मिनिटासकट लिहिली. त्या मिनिटावर माझं पुढचं सगळं उभं आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही अशी खात्री झाल्यावर. तोवर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरत असतात. तयारी नसलेल्या जवळच्या दवाखान्यात हीच मिनिटं वाया जातात. म्हणूनच लंडनने २०१० मध्ये पक्षाघाताच्या पहिल्या उपचारांसाठी आठच रुग्णालयं ठेवली. रुग्ण लांब जाऊ लागले आणि मृत्यू घटले. आणि जिथे तज्ज्ञच नसतात तिथल्यासाठी सौदीत २०२२ पासून सेहा व्हर्च्युअल हॉस्पिटलचे तज्ज्ञ रियाधमध्ये बसून दूरच्या रुग्णालयातले स्कॅन बघतात.

चाचांना हे आकडे कुठले ठाऊक! ते शिकले घरच्या अनुभवातून. त्यांचे थोरले भाऊ गावी असेच पडले. जवळच्या दवाखान्यात सलाइन, मग दुसरा दवाखाना, मग मुंबई. हसवून बघायचं असतं हे तिथल्या डॉक्टरने सांगितलं, पण तोवर फार उशीर झाला होता. भाऊ अंथरुणातच गेले.

चाचा आता खेडला असतात. माझ्याकडून त्यांनी एकच गोष्ट मागितली : मशिदीबाहेर आणि एसटी स्टँडवर लावायला मराठी कागद. तोंड, हात, वाचा आणि ठळक १०८ असा मजकूर मी पाठवला. लगेच फोन आला. "अक्षर झकास. पण वर घाल, सीटी कुठे चालू आहे ते आधी विचारा. आणि घड्याळ बघा."

घातलं. आता म्हणतात, दापोलीलाही पाठव.