काचेचे दोन बोल्ट

आमच्या घरात देवघराच्या खालोखाल मान आहे तो आबांच्या फटफटीला. १९७४ सालची बुलेट. उमेदीच्या काळात आबांनी हिच्यावरून गोव्यापासून हंपीपर्यंत मुलूख पालथा घातला. वारा तोंडावर फार येतो म्हणून पुढे त्यांनी तिला मोठी काच बसवून घेतली. काच आपली म्हणायची, ती ॲक्रिलिकची. दोन लोखंडी पट्ट्या आणि चार बोल्ट यांवर ती उभी. त्यातले वरचे दोन बोल्ट गेली बावीस-तेवीस वर्षे जागेवर नाहीत. त्यांच्याऐवजी तांब्याच्या तारेचे दोन वेढे आहेत.

"चालतंय तोवर चालवायचं, हा तुमच्या घराण्याचा कुळाचारच आहे," असे सौ. दर खंडेनवमीला गाडीला हार घालताना म्हणते. मी हसून घेतो. मी पडलो चित्रकलेचा मास्तर, त्यात कादंबऱ्या लिहिणारा. मॅट्रिकपलीकडे शिक्षण नाही. यंत्रापुढे मी सहसा नमस्कार करूनच उभा राहतो.

पण यंदा आबांनी जाहीर केले, "भाऊबिजेला मलकापूरला जायचं. गाडीवरनं. तू चालव, मी मागं बसतो." आत्याचे गुडघे धरलेले, दोन वर्षांत तिला कोल्हापूरला येणे जमले नव्हते. आबांचे वय एकोणऐंशी. मी एस.टी.चा विषय काढला, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरले. आमच्याकडे चर्चा संपल्याची ती खूण आहे.

बाजारातून सहा मिलिमीटरचे दोन बोल्ट आणले. पट्टीला डकवलेल्या नटात ते सहज गेले. जरा जास्तच सहज गेले. शेवटी घट्टपणा काही हाताला लागेना, म्हणून मी पान्ह्याने जोर केला. काचेतून 'कट्' असा आवाज आला आणि भोकाच्या कडेला नखाएवढी भेग उमटली. असू दे म्हणालो आणि पन्हाळ्याच्या रस्त्याला गाडी काढली. वेग वाढला तशी काच गुणगुणू लागली, मग थरथरू लागली. एक बोल्ट उडाला, आणि काचेची वरची कड सरळ माझ्या छातीवर येऊन टेकली. क्षणभर रस्ताच दिसेना. उसाच्या बांधाला गाडी लावून मी खाली बसलो. मागे आबा बसलेले असते तर? हात कापायचे थांबेपर्यंत तिथून उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात गेलो. तिथल्या मिस्त्रींनी उरलेला बोल्ट दोन बोटांत धरून नटात फिरवला आणि माझ्याकडे पाहिले.

"सर, ह्यो फिरतोय, पण धरंना. ह्यो मिलिमीटरचा, तुमची गाडी इंचातली."

मग त्यांनी आटे मोजायची दातेरी पट्टी काढली. गाडीवरचा नट पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा, इंचाला २६ आट्यांचा. दोन आट्यांमधले अंतर हिशेबाने ०.९८ मिलिमीटर येते. माझ्या बोल्टाचे होते १ मिलिमीटर. अंतर इतके जवळचे की बोल्ट मुकाट्याने आत जातो, आणि अंगाने बारीक म्हणून आतल्या आत निसटतो. एकाच वर्गात बसणाऱ्या दोन मुलांची हजेरी एकमेकांच्या नावावर लागावी, तसा हा घोटाळा! ही बुलेट मूळची इंग्लंडातल्या रेडिच गावची. गाव सुयांसाठी नावाजलेले, आणि कंपनीचे मूळही एका सुयांच्या कारखान्यात. १९५५ पासून ती मद्रासेत होऊ लागली, तरी इंग्रजी आटे बरीच वर्षे तिच्या अंगावर राहिले.

भेगेचे कारणही मिस्त्रींनी सांगितले. ॲक्रिलिक उन्हाने लोखंडाच्या पाच-सहा पट वाढते. अर्ध्या मीटरची काच वीस अंशांनी तापली तर ०.७ मिलिमीटर लांबते. तिला हलायला जागा हवी. म्हणून भोक बोल्टापेक्षा मोठे ठेवायचे, मध्ये रबर घालायचे, आणि बोल्ट बोटाने घट्ट करून वर अर्धा फेरा द्यायचा. "बास! त्याच्या म्होरं पान्हा लावायचा न्हाई." भेगेच्या टोकाला त्यांनी हलक्या हाताने बारीक भोक पाडले, भेग तिथेच थांबते.

"खालचे दोन गंजून बसल्यात, काढाय गेलो तर तुटतील. वरच्यातला एखादा नमुना हाय का?"

घरी येऊन आबांना विचारले, "वरचे बोल्ट कुठं पडले, आठवतंय का हो?"

आबांनी चष्मा पुसला. "पडले न्हाईत. तुझ्या टेबलाखाली बघ."

मी टेबल उलटे केले. मागच्या दोन पायांना आडव्या पट्टीशी जोडणारे दोन बोल्ट होते. घुमटीसारखी डोकी, अजून चकाकणारी. ह्याच टेबलावर मी पहिली कादंबरी लिहिली. "कथा-कादंबऱ्यांनी चूल पेटत नाही," असे म्हणून आबांनी त्या दिवसांत माझ्याशी बोलणे टाकले होते. टेबल इतके डुगडुगे की ओळ वाकडी जाई. मग एका सकाळी ते डुगडुगायचे थांबले. पावसाळी हवेने लाकूड फुगून बसले असेल, अशी मी समजूत करून घेतली होती.

"त्या वक्ती दुकानं बंद होती," आबा वर्तमानपत्राआडून म्हणाले.

नमुना म्हणून बोल्ट काढला नाही. टेबलाखाली आडवा होऊन मापे घेतली आणि कागदावर चित्र काढून मिस्त्रींना दिले. आमच्या विद्येचा तेवढाच उपयोग. त्यांनी लेथवर दोन नवे बोल्ट कातले, डाय फिरवून आटे पाडले, आणि मागून निघालेल्या टोकावर आणखी एकेक नट चढवला. नटाला नट धरतो, काचेवर ताण येत नाही.

भाऊबिजेला पहाटे निघालो. आबांचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात आत्याच्या लुगड्याची पिशवी. काच वाऱ्याला पाठ देऊन उभी होती, हूं की चूं नाही. बांबवड्याला चहासाठी थांबलो. आबा सावकाश उतरले, पुढे आले, वाकले. दोन्ही नव्या बोल्टांवरून त्यांनी अंगठा फिरवला, मग खालच्या गंजलेल्या दोन बोल्टांवरून.

"हे पण बदलायचेस की," म्हणाले, आणि चहाच्या टपरीकडे चालू लागले.