काळ्या वायरचा माग

यंत्र थांबलं आणि स्क्रीनवर क्लॅम्पचा अलार्म आला की पहिला हात प्रॉक्सीवर, म्हणजे प्रॉक्सिमिटी स्विचवर पडतो. स्टोअरमधून नवा येतो, जुना भंगारात जातो, आणि तासाभरात तोच अलार्म पुन्हा उभा राहतो. इंदुरीत सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहताना मेंटेनन्सला नव्याने लागलेली पोरं हीच तक्रार सांगतात. मी त्यांना विचारतो, काळ्या वायरचा माग काढलास का?

बिनस्पर्शाचा हा स्विच 1958 साली जर्मनीत पेपर्ल अँड फुक्स कंपनीत तयार झाला. त्यात हलणारा भाग नाही, झिजणारा कॉन्टॅक्ट नाही. समोर लोखंड आलं की आतल्या कॉइलच्या क्षेत्राची ऊर्जा त्या लोखंडात खर्ची पडते, आणि ते ओळखून तो काळ्या वायरवर 24 व्होल्ट सोडतो. तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी सिग्नल. इतकं साधं काम करणारी वस्तू सहसा उगाच मरत नाही. पण तिथून यंत्र चालवणाऱ्या पीएलसीपर्यंतची वाट लांब असते. कनेक्टर, ड्रॅग चेन, जंक्शन बॉक्स, पॅनेलमधली टर्मिनल पट्टी, आणि मग इनपुट कार्ड. दोष यात कुठेही बसलेला असू शकतो.

एका पावसाळ्यात तळेगावच्या बाजूच्या एका कारखान्यात ड्रिलिंगचं एसपीएम, म्हणजे त्या एकाच कामासाठी बनवलेलं यंत्र, असंच अडत होतं. फिक्श्चर जॉब पकडून स्लाइडवरून ड्रिलकडे जायचं आणि क्लॅम्पचं इनपुट गेलं म्हणून थांबायचं. प्रॉक्सी बदलून झाला होता. मग दोष पावसावर गेला. मावळात पावसावर काहीही खपतं, आणि कधी कधी ते खरंही असतं. कनेक्टरमध्ये ओल शिरली की काळ्या वायरवर धड शून्यही नाही आणि धड 24 ही नाही, असा काहीतरी मधलाच व्होल्टेज दिसतो. आमची कार्डं 5 व्होल्टच्या खाली शून्य धरतात, 15 च्या वर एक. मधल्या पट्ट्यात काय धरतील याची खात्री नसते, म्हणून यंत्र कधी चालतं, कधी नाही. इथे मात्र मीटरवर एकतर पूर्ण 24 दिसत होते, नाहीतर काहीच नाही.

खरा धागा ऑपरेटरने दिला. “दादा, स्लाइड पार टोकाला गेली की मगच अडतंय, मागं असली की काय नाय.” सबंध आठवडा तो त्या यंत्रासमोर उभा होता आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं. याचा मला अजूनही राग येतो.

मॅन्युअलवर स्लाइड हळूहळू पुढे नेली. प्रॉक्सीवरचा दिवा लागलेलाच होता, कार्डावरचा मात्र ठरावीक जागी विझला. मागे आणली, लागला. ड्रॅग चेन उघडली. केबलचं वरचं आवरण शाबूत होतं, पण वाकणाच्या जागी आतलं तांबं तुटलं होतं. चेन सरळ असताना तुटकी टोकं एकमेकांना टेकायची, वाक पडला की सुटायची. तिथे साधी केबल टाकलेली होती. सतत वाकण्यासाठी बनवलेली बारीक तारांची केबल टाकली आणि यंत्र सुरू झालं.

त्याआधी कुणीतरी सुचवलं होतं की उत्पादन अडलंय, तोवर त्या इनपुटला 24 व्होल्टचा जंप मारा. मी नकार दिला. जॉब पकडलेला नसताना ड्रिल त्यात घुसलं तर जॉब फिरून उडतो, आणि समोर माणूस असतो. तुटक्या वायरने यंत्र थांबवलं, म्हणजे रचनेने आपलं काम चोख केलं होतं. इमर्जन्सी स्टॉपसुद्धा एरवी बंद असलेल्या कॉन्टॅक्टवर जोडतात ते याचसाठी. वायर तुटली तरी थांबायचंच. मला धास्ती वाटते ती कायम ‘हो’ म्हणत राहणाऱ्या इनपुटची, कारण तिथे अलार्म येत नाही, कुणी बोलावत नाही, आणि शिफ्टमागून शिफ्ट निघून जाते.

म्हणून प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवून घेतली. क्लॅम्प उघडल्यावर ते इनपुट गेलंच पाहिजे, नाही गेलं तर पुढची सायकल सुरू होणार नाही. त्याच लाइनवरच्या बाकीच्या यंत्रांनाही तीच अट घातली. त्यातलं एक यंत्र पहिल्याच सायकलनंतर थांबलं. पॅनेल उघडलं तर टर्मिनलच्या मागे वायरचा आखूड तुकडा लावलेला होता, ना नंबर, ना ड्रॉइंगवर नोंद. तो काढल्यावर क्लॅम्पचं इनपुट येईना. ब्रॅकेट वाकून प्रॉक्सी लांब गेला होता. ब्रॅकेट सरळ केलं, प्रॉक्सी 2 मिलिमीटरवर घट्ट केला, जॉब काढून आणि लावून इनपुट जातं-येतं ते पाहिलं, आणि मग ऑपरेटरला यंत्र ताब्यात दिलं.