रुखवतातला मोर, पिस्त्याचे कमळ

मोराला १९६३ साली राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला आणि कमळ राष्ट्रीय फूल म्हणून शालेय पुस्तकांत रुळले. परंतु मराठी घरात ही जोडी त्याच्या कितीतरी आधीपासून दारच्या रांगोळीत आणि लुगड्याच्या पदरावर नांदत होती. मुलीच्या आयुष्यात मोर बहुधा वहीतून शिरतो, कारण पानांत जपलेल्या मोरपिसाला पेन्सिलीच्या सालींचा खाऊ घातला की त्याला पिल्लू होते, ही समजूत कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा पक्की असते. पुढे कार्यानुभवाच्या तासाला तोच मोर पुठ्ठ्यावर टिकल्या, कापूस आणि कापडाच्या कातरणांनी सजतो. रंगाच्या जोडीला कापड, कागद, धातू अशा वस्तू एकाच कृतीत योजण्याला कलासमीक्षेत मिश्र माध्यम म्हणतात. या घरांत मात्र ते कलाविचारातून नव्हे, काटकसरीतून आले.

त्याचे सर्वांत भरघोस रूप रुखवतात, म्हणजे वधूपक्षाने लग्नात मांडलेल्या फराळाच्या आणि हस्तकलेच्या वस्तूंत, दिसते. पिस्त्याचे टरफल मुळातच खोलगट आणि टोकाशी निमुळते असल्यामुळे त्याला पाकळीचा आकार द्यावा लागत नाही. लहान टरफले आत, मोठी बाहेर अशी डिंकाने बसवून कडांना गुलाबी रंग दिला आणि तळाकडे तो विरळ केला की कमळ उमलते. शेजारच्या मोराचे धड एके काळी थर्माकोलचे असे. २०१८ साली राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आल्यावर पुन्हा पुठ्ठ्याकडे वळावे लागले, आणि त्यात मोराचे नुकसान काहीच झाले नाही, कारण थर्माकोलची मान नेहमीच जरा जाड वाटे.

लग्नातल्या पैठणीवर हीच दोन रूपे विणीच्या शिस्तीत येतात. पदरावरील नक्षीत प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आपल्या भागापुरताच जाऊन शेजारच्या धाग्यात अडकून परततो. त्यामुळे बांगडीमोराची, म्हणजे बांगडीसारख्या वर्तुळात बसवलेल्या मोराची, गोलाईही जवळून पाहिल्यास पायऱ्यापायऱ्यांची दिसते. उतारवयात रेशीम विरले की पदर कापून चौकटीत बसवला जातो, क्वचित भोवती मणी आणि जुन्या काठाची जर जोडून नवे मिश्र माध्यम घडते. येथे एक आक्षेप नोंदवावासा वाटतो: हातमागाच्या पैठणीची पारख पदर उलटून केली जाते, कारण तिची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच उतरते, आणि चौकट नेमकी तीच बाजू पुठ्ठ्याने झाकते. मागूनही काच लावण्याचा खर्च फारसा नसतो.