एक चौकी गप्प होते तेव्हा

तोल सांभाळणं हेही एक काम आहे, हे तो जाईपर्यंत कुणाला कळत नाही. खडकवासल्याला तीन वर्षं ड्रिल केली, नंतर वीसेक वर्षं डोंगर तुडवले. पण दोन पायांवर उभं राहायला शरीरात केवढी यंत्रणा राबते, ते मला आसामच्या पोस्टिंगमध्ये कळलं. सर्दीतापानंतर डाव्या कानाची तोलाची नस सुजली. डॉक्टरांनी नाव सांगितलं, व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस. ऐकू सगळं येत होतं, फक्त खोली थांबायला तयार नव्हती.

प्रत्येक अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या डोक्याचं वळणं टिपतात. शिवाय दोन छोट्या पिशव्या असतात. त्या गुरुत्वाकर्षण आणि सरळ रेषेतली हालचाल टिपतात. डोकं स्थिर असतानाही दोन्ही कान मेंदूला सतत रिपोर्ट देत असतात. दोन चौक्या समजा. दोघींचा रिपोर्ट सारखा आला की मुख्यालय निश्चिंत. एक चौकी अचानक गप्प झाली, की मेंदूला वाटतं, डोकं चालू चौकीच्या बाजूला गरगर वळतंय. आडवं पडलं तरी हा समज जात नाही. म्हणून उलट्या, म्हणून भिंत धरून चालणं.

नवल असं, की कान दुरुस्त न होताही माणूस बरा होतो. अंतर्कर्णातल्या रोमपेशी पक्ष्यांमध्ये पुन्हा उगवतात, माणसात जवळजवळ नाहीच. सुजलेली नस कधी सावरते, कधी नाही. पण मेंदूच्या बुंध्यातली केंद्रं काही दिवसांत दोन्ही पारडी पुन्हा समान करतात आणि पडल्या पडल्या खोली फिरायची थांबते. एवढं आपोआप होतं. पुढचं मात्र करावं लागतं.

डोकं झटकन वळलं तरी नजर जागेवर राहावी, म्हणून कान डोळ्यांना हुकूम देतो. तो कमी पडला की दृश्य घसरतं, अक्षरं पुसट होतात. छोटा मेंदू या घसरणीवरूनच हुकूम सुधारतो. म्हणजे चक्कर येईल अशी हालचाल केल्याशिवाय त्याला शिकायला काही मिळत नाही. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या पहिल्या काही दिवसांपुरत्या ठीक. महिनोन्महिने घेतल्या तर हे शिकणंच मंदावतं.

या विद्येचं आणि फौजेचं नातं जुनं आहे. कानात थंड-गरम पाणी सोडून दोन्ही बाजू तपासतात, त्या चाचणीमागचं शास्त्र मांडणारे रॉबर्ट बारानी ऑस्ट्रियाच्या सैन्यात डॉक्टर होते. १९१४चं नोबेल मिळाल्याची बातमी त्यांना रशियाच्या युद्धकैदी छावणीत कळली. तोलाचे व्यायाम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी बसवले. जे रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतात ते लवकर सावरतात, हे त्यांनी पाहिलं होतं.

माझी पीटी अशी होती: हात लांब करून अंगठ्यावर नजर रोखायची आणि डोकं डावीकडे-उजवीकडे हलवायचं. मग चालताना मान वळवायची. मग गादीवर उभं राहायचं, आधी उघड्या डोळ्यांनी, नंतर मिटून, शेजारी एक जवान. पहिला आठवडा रोज मळमळ. सहाव्या आठवड्यात सपाट रस्त्यावर पळू लागलो. खरी परीक्षा नदीच्या पात्रात, रात्री. तोलाला तीन आधार असतात: डोळे, कान आणि पायांतून येणारी जाणीव. अंधारात डोळे गेले, गोट्यांवर पायांचा भरवसा गेला, की उरतो कान. तिथे विश्वासानं चालायला मला पाच महिने लागले. तोवर मेडिकल कॅटेगरी लो होती, आणि ते योग्यच होतं.

हे लिहायचं कारण म्हणजे एक फोन. आमच्या पलटणीतले एक निवृत्त सुभेदारसाहेब, गाव सातारा जिल्ह्यात.

"साहेब, कानाची चक्कर आली तेव्हापासून वर्षभर गोळी चालू आहे. शेतावर जात नाही. घरचे म्हणतात, बसून राहा."

"सुभेदारसाहेब, कानाच्या डॉक्टरांना परत दाखवा. गोळी किती दिवस घ्यायची आणि व्यायाम कोणते करायचे, दोन्ही विचारा. आणि चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले किंवा हातपाय लुळा पडला, तर तो कान नसेल, मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा थेट हॉस्पिटल."

"आणि व्यायाम करताना पडलो तर?"

"भिंत जवळ ठेवा, मुलाला शेजारी उभं करा. पण उठा."

परवा त्यांचा पुन्हा फोन आला. डॉक्टरांनी गोळी थांबवली आहे, व्यायाम दिले आहेत. काठी घेऊन बांधापर्यंत जाऊन आले. वाटेत दोनदा चक्कर आली. "येऊ दे," म्हणाले.