बेळगावचे साक्षीदार

वकिली व्यवसायात माणसाला एक खोड जडते. कोणतीही वस्तू समोर आली की ती वादीच्या बाजूची की प्रतिवादीच्या, हा प्रश्न मनात प्रथम उभा राहतो. बेळगावच्या बाबतीत ही खोड वकिलांपुरती राहिलेली नाही. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात 2004 साली दाखल झाला. परंतु त्यापूर्वी कित्येक वर्षे या शहरातला एकेक दगड साक्षीसाठी पुकारला जात होता. चोर्ल्याचा घाट चढून एक दिवस मी हे शहर पाहावयास गेलो, तो या साक्षीदारांना नुसते भेटावे, उलटतपासणी करू नये, अशा निश्चयाने.

पहिला साक्षीदार किल्ल्यात भेटतो. कमल बस्तीच्या मंडपात मान वर केली की छतातून खाली उमललेले दगडी कमळ दिसते. त्याच्या 72 पाकळ्या म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्याने, बीचिराजाने, तेराव्या शतकाच्या आरंभी येथे जिनालय उभारले. त्या काळचे बेळगावचे कन्नड शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हा साक्षीदार कन्नड बोलतो, हे मोकळ्या मनाने मान्य करावे.

त्याच किल्ल्यात रामकृष्ण आश्रम आहे. 1892 च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावी आले, ते प्रथम भाटे वकिलांच्या मराठी घरी उतरले, मग हरिपद मित्र या बंगाली वनाधिकाऱ्याकडे राहिले आणि येथूनच गोव्यास गेले. ही साक्ष कोणाच्या बाजूने नोंदवावी?

टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तर दोन्ही पक्षांना अडचणीत टाकील. 1924 च्या अधिवेशनासाठी ती खोदली गेली. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले काँग्रेसचे ते एकमेव अधिवेशन. त्याची धुरा वाहणारे गंगाधरराव देशपांडे टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. लोक त्यांना कर्नाटकाचा सिंह म्हणत, आणि आत्मचरित्र त्यांनी लिहिले ते मराठीत!

दुपारी बाजारात कुंदा घेतला. दूध आटवून, साखरेसह तांबूस होईपर्यंत परतलेला हा रवाळ पदार्थ जिभेवर ठेवला की क्षणभर युक्तिवाद सुचत नाही. दुकानातल्या वृद्ध गृहस्थांनी मला मराठीत भाव सांगितला, तराजूजवळच्या पोराला कन्नडमध्ये हुकूम सोडला आणि माझ्या उच्चारावरून काय ते ओळखून हसत विचारले, “गोंयचे मूं तुमी?” तीन भाषा, आणि कागदाचा पुडा एकच. शेजारीच मांडे होते. उपड्या खापरावर भाजलेले, कागदासारखे पातळ, घडी घातलेले. मनात मांडे खाणारे सीमेच्या दोन्ही अंगांस पुष्कळ आहेत. बेळगावात ते पानात पडतात. आणि आम्हां गोवेकरांच्या पानातली भाजीही बरीचशी याच मुलखातून घाट उतरून येते, हे विसरून कसे चालेल?

याचा अर्थ वादात तथ्य नाही असा मुळीच नव्हे. मुलाने कोणत्या भाषेत शिकावे, जमिनीचा उतारा कोणत्या लिपीत हाती पडावा, हे प्रश्न रोजच्या जगण्याचे आहेत आणि बेळगावच्या मराठी माणसाने ते दीर्घकाळ सोसले आहेत. परंतु त्यांचे उत्तर शिलालेखात शोधणे हा मार्ग मला चुकीचा वाटतो. शिलालेख कन्नड निघाला म्हणून मराठी मुलाचा हक्क कमी होत नाही. मराठी निघाला असता तरी शेजारच्या कन्नड मुलाचा कमी झाला नसता. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले 350-अ हे कलम सांगते की, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी प्रत्येक राज्याने झटावे. ते कलम त्या मुलाच्या पूर्वजांचा दाखला मागत नाही. बाकावर बसलेले मूल आणि त्याच्या तोंडची भाषा, एवढा पुरावा त्यास पुरेसा आहे.

तेव्हा कमल बस्तीतल्या त्या कमळाला साक्षीच्या पिंजऱ्यातून आता मुक्त करावे. आठशे वर्षे ते सर्वांसाठी उमललेले आहे. भांडावयाचे तर जिवंत माणसाच्या हक्कासाठी खुशाल भांडावे, आणि ते भांडण त्या कमळाखाली उभे असलेल्या प्रत्येकासाठी सारखेच असावे.