मुक्कामाची गाडी

एसटीने मराठीला जे शब्द दिले, त्यांत 'मुक्कामाची गाडी' हा मला सर्वांत आवडतो. इतर गाड्या येतात आणि जातात, ही राहते. दिवेलागणीला गावात शिरायचे, देवळापुढे रात्र काढायची आणि पहाटे दूधवाले, बाजारकरी व दप्तरवाली पोरे घेऊन तालुक्याला निघायचे, असा तिचा शिरस्ता. ड्रायव्हर-कंडक्टरला कुणाच्या तरी घरून भाकरी येते. कुणाची लेक बाळंतपणाला आली, कुणाची म्हैस विकली गेली, हे त्यांना तलाठ्याच्या आधी कळते. सरकार नावाची वस्तू कित्येक गावांनी पाहिली ती याच तांबड्या रूपात!

पहिली एसटी धावली 1 जून 1948 रोजी, पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. पुढे 1950 साली संसदेने मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा केला. कायदे वाचणे हा काही दिवाळीत सांगण्यासारखा छंद नव्हे. पण या कायद्यात मोठी गंमत आहे. त्याचे एक कलम म्हणते, लोकांना पुरेशी, स्वस्त आणि सुव्यवस्थित वाहतूक मिळवून देणे हे महामंडळाचे कर्तव्य आहे. थोडे पुढचे कलम म्हणते, महामंडळाने आपला कारभार व्यापारी तत्त्वावर चालवावा. आणखी पुढे, सरकार सूचना देईल आणि महामंडळाने त्या पाळाव्यात, असेही आहे. एकाच सुनेला तीन सासवा दिल्यावर संसार जसा व्हायचा तसाच होणार!

आता समजा, एखाद्या वाडीतली आठवीतली मुलगी आहे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाने चालणाऱ्या योजनेतून खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट मिळतो. तो तिने दप्तरात जपून ठेवला आहे. आणि एके दिवशी मुक्कामाची गाडी बंद होते. मुलगी आहे, शाळा आहे, पास आहे. मधली गाडी तेवढी नाही. तिच्या बापाने विचारायचे कुणाला?

कंडक्टरला विचारावे, तर तो आता येतच नाही. स्थानकावरचा नियंत्रक म्हणतो, "मला मिळतात त्या गाड्या मी सोडतो." आगारात सांगतात, गाड्या कमी आहेत, विभागीय कार्यालयात जा. तिथे सांगतात, या फेरीला उत्पन्न नाही. शिवाय रस्त्याने गाडीचे पाटे मोडतात, आणि रस्ता काही आमचा नव्हे. रस्ता असतो जिल्हा परिषदेचा. तिथे गेल्यावर कळते की पैसे मुंबईहून यायचे आहेत. बापडा दिवसाची मजुरी बुडवून घरी परततो. आणि नवल असे की, या सगळ्यांत एकही माणूस खोटे बोललेला नसतो. प्रत्येकाचे उत्तर खरे, आणि सगळी मिळून उत्तर नाहीच!

याचे मूळ मला त्या तीन सासवांतच दिसते. ऑगस्ट 2022 मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट झाला, मार्च 2023 मध्ये बायकांना निम्मे तिकीट लागू झाले. दोन्ही गोष्टी चांगल्या झाल्या; माहेरी जाणाऱ्या बायकांच्या तोंडावरचा आनंद मी पाहिला आहे. त्या सवलतींचे पैसे सरकारने महामंडळाला भरून द्यायचे असतात. सवलत जाहीर होते तेव्हा एसटी सरकारची असते. पण 2021-22 च्या प्रदीर्घ संपात कर्मचारी म्हणाले, आम्हांला सरकारातच विलीन करून घ्या, तेव्हा उत्तर आले की तसे करता येणार नाही. याहून मौज म्हणजे, एकच गृहस्थ परिवहनमंत्री आणि महामंडळाचे अध्यक्ष, असे एकाहून अधिक वेळा घडले आहे. मंत्री म्हणून सूचना द्यायची आणि अध्यक्ष म्हणून ती पाळायची! महामंडळाचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा, असा नियमही आहे. पण अशा अहवालाची भाषा किलोमीटरांची आणि रुपयांची असते. एका वाडीची एक गाडी त्यात कुठे शोधायची?

जबाबदारीचा विषय निघाला की आपल्याकडे लालबहादूर शास्त्रींची आठवण निघते. 1956 च्या सप्टेंबरात महबूबनगरजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला, तेव्हा रेल्वेमंत्री या नात्याने त्यांनी राजीनामा देऊ केला. नेहरूंनी तो स्वीकारला नाही. नोव्हेंबरात अरियालूरला पुन्हा अपघात झाला. शास्त्रींनी पुन्हा राजीनामा दिला आणि या खेपेस तो स्वीकारला गेला. ती आठवण काढावीच. परंतु मला कधी कधी वाटते, तिने आपली एक गैरसोयही केली आहे. जबाबदारी म्हणजे मोठा अपघात आणि मोठ्या माणसाने सोडलेली खुर्ची, असे आपण धरून चाललो. मुक्कामाची गाडी बंद झाल्याने तसे कुणी मरत नाही. मुलगी आधी चार दिवस पायी जाते, मग पावसाळा लागतो, मग आई म्हणते, "राहू दे आता, घरी धाकटी भावंडं आहेत." याची चौकशी होत नाही, आणि कुणाचा राजीनामा मागावा असे कुणाच्या मनातही येत नाही.

मलाही कुणाचा राजीनामा नको आहे. माझे मागणे अगदी बाजारकऱ्याच्या पिशवीएवढे आहे. गाडी बंद करायची असेल, तर आधी त्या गावच्या ग्रामसभेत एका अधिकाऱ्याने येऊन तसे सांगावे. का बंद करतो, तोटा किती, पासाच्या मुलींचे पैसे सरकारकडून आले की नाही, रस्ता कुणी आणि केव्हा दुरुस्त करायचा, हे फळ्यावर खडूने लिहावे आणि खाली आपले नाव लिहावे. शास्त्रींनी जे केले, ते शेवटी हेच नव्हते का? कागदाखाली स्वतःचे नाव घातले.

एवढ्याने गाडी लगेच सुरू होईल असे मी म्हणत नाही. कदाचित कारण खरेच असेल, आणि गावालाही ते पटेल. न पटले, तर भांडता येईल. पण कारणच सांगितले नाही, तर भांडणार कशाशी? मग पास हातात धरून फाट्यावर उभे राहायचे, एवढेच हाती उरते.